अँजिओग्राफी स्वच्छ, तरी वरचं बीपी १७०! रक्तवाहिनीचं ‘अस्तर म्हातारं होतं’ म्हणजे नेमकं काय?

पंचवटीकर | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे अप्पा ७२ वर्षांचे. नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून रिटायर झाले. पहाटे गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) चक्कर, बुधवारच्या बाजारातून भाजी स्वतः निवडून आणणार, दुसऱ्याने आणलेल्या मेथीला नावं ठेवणार, असा गडी. पंधरा दिवसांपूर्वी एका लग्नात त्यांना गरगरलं. तपासलं तर बीपी १७०/६८. धावपळ, ईसीजी, इको, शेवटी अँजिओग्राफी. एकही ब्लॉक नाही. आईने देवापुढे साखर ठेवली. पण डॉक्टर म्हणाले, “ब्लॉक नाहीत हे उत्तमच. पण नळ्यांचं वय झालंय. आतलं अस्तर म्हातारं होतं, भिंत कडक होते.” बाहेर वीसेक पेशंट ताटकळलेले, त्यामुळे पुढे विचारायची सोय नव्हती.

तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. आई म्हणते, खालचा आकडा कमी आहे म्हणजे हृदय तरुण आहे. मेव्हणे म्हणतात, नळी साफ असेल तर बीपी वाढेलच कसं, मशीन खोटं. मला दोन्ही पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. हे अस्तर काय प्रकरण आहे? आणि ते म्हातारं होतं म्हणजे झिजतं, की गंजतं?

---

बोकोबा | रविवार, रात्री १०:३१

आधी हे सांगा, लग्नात मिसळ होती का? तर्रीचा वाटीवर वाटी मारा केला असेल तर १७० ला कोण काय करणार.

(विनोद सोडून द्या. काकांना बरं वाटो.)

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, रात्री ११:०५

पंचवटीकर, मी आयुष्यभर फिजिऑलॉजी शिकवली, आता निवृत्त आहे. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त ‘अस्तर’ या शब्दावर लिहिते. कारण तो शब्द ऐकला की माणसाला पँटचं अस्तर आठवतं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

हृदयापासून थेट बोटाच्या टोकातल्या केशवाहिनीपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एक थर असतो. फक्त एका पेशीच्या जाडीचा. फरशा बसवाव्यात तशा चपट्या पेशी, कडेला कड लावून. याला एंडोथेलियम म्हणतात. केशवाहिनी तर जवळपास या थराचीच बनलेली असते, बाहेर दुसरं फारसं काही नसतं. पूर्वी डॉक्टरमंडळींनाही हा थर म्हणजे निव्वळ वेष्टण वाटे. पेनिसिलिनच्या कामाबद्दल नोबेल मिळवणारे हॉवर्ड फ्लोरी यांनी १९६६ साली लिहून ठेवलं आहे की बराच काळ याकडे केंद्रकं असलेला सेलोफेनचा कागद म्हणूनच पाहिलं जाई.

कागद बोलायला लागला तो एका चुकीमुळे. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन प्रयोग करायचे. अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य जिवंत प्राण्याला दिलं की रक्तदाब उतरतो, म्हणजे वाहिन्या सैल पडतात. पण त्यांच्या प्रयोगशाळेतल्या पट्ट्या मात्र त्याच्याने आवळायच्या. वर्षानुवर्षं हे कोडं होतं. १९७८ साली त्यांच्या तंत्रज्ञाने सांगितलेला क्रम चुकवला आणि त्या प्रकारच्याच एका द्रव्याने धमनीचा तुकडा चक्क सैल पडला. फर्चगॉटनी चूक झटकून न टाकता मागोवा घेतला. तेव्हा कळलं की तुकडे कापताना आतला पृष्ठभाग घासला जात होता आणि तो थरच खरवडून निघत होता. थर शाबूत असेल तर धमनी सैल पडते, थर गेला तर त्याच औषधाने आवळते. हा शोध १९८० साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे भिंतीतल्या स्नायूला “सैल हो” असा निरोप हा आतला थर देतो. निरोप्या कोण, ते कळायला आणखी सात वर्षं गेली. तो निघाला नायट्रिक ऑक्साइड, चक्क एक वायू, तोही काही सेकंदच टिकणारा. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. (आपलं म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ चंच, म्हणून माझ्या लक्षात राहतं.) साल्वादोर मोंकाडा यांचं नाव त्यात नव्हतं, याची चुटपुट मला अजून आहे. हा वायू सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आणि गंमत पाहा. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी शरीरात हाच वायू सोडते. आल्फ्रेड नोबेल नायट्रोग्लिसरीनचा डायनामाइट करून श्रीमंत झाले आणि १८९६ साली त्यांच्याच दुखऱ्या हृदयावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं.

म्हातारपणाचं उद्या लिहिते. डोळे मिटायला लागले.

---

निफाडची बाग | सोमवार, सकाळी ६:२०

ताई, लई भारी सांगितलं. आमच्याकडं द्राक्षाला ड्रिप आहे. सात-आठ वर्षांत लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, आत क्षार धरतो, ड्रिपर चोकअप होतात. मग ॲसिड सोडायचं, शेवटं उघडून फ्लश मारायचं. तसंच ना हे? मग माणसाला फ्लश मारायचं काही निघालं का?

दुसरं, वायनरीवाले सांगतात रेड वाइन नळ्यांना चांगली. आमचा माल तिकडं जातो म्हणून नाही विचारत, खरंच विचारतोय.

---

सूक्ष्मदर्शी | सोमवार, दुपारी १:४५

बागायतदार दादा, तुमच्या उदाहरणानेच पुढे जाते, कारण ते जिथे तुटतं तिथेच सगळी गंमत आहे.

तुमच्या लॅटरलला आतून पाणी किती वेगाने जातंय याचा पत्ता नसतो. रक्तवाहिनीला असतो. रक्त वाहताना या पेशींवरून घासत जातं आणि तो घासा पेशींना जाणवतो. नदीतलं शेवाळ प्रवाहाच्या दिशेने लोळतं ना, तशा सरळ धमनीत या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीत बसतात. तुम्ही चालायला लागलात, पायाकडे रक्त जोरात निघालं की पेशींवरचा घासा वाढतो, त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात, स्नायू सैल पडतो, नळी रुंद होते. तुमची लॅटरल जास्त पाणी सोडल्यावर आपोआप रुंद झाली असती तर?

जिथे धमनीला फाटा फुटतो, तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा घुटमळतो. तिथल्या पेशी ओळीत बसत नाहीत, वेड्यावाकड्या राहतात आणि चरबीचे थर बहुधा तिथेच धरतात. सगळ्या शरीरात कोलेस्टेरॉल सारखंच फिरत असतं, तरी ब्लॉक ठरावीक जागीच का होतात, याचं एक मोठं कारण हे.

आता वय. क्षार साचणं ही फार पुढची गोष्ट. पहिल्यांदा जातो तो प्रतिसाद. पेशी दिसायला जागेवर असतात, पण “सैल हो” हा निरोप क्षीण होतो. वयाबरोबर पेशीत ऑक्सिजनचे फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्या रेणूला भिडणारे उतावीळ कण, वाढतात आणि तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड स्नायूपर्यंत पोचायच्या आधीच गिळून टाकतात. त्याहून वाईट म्हणजे, हा वायू बनवणारं विकर (एन्झाइम) आहे, त्याला हाताशी एक मदतनीस रेणू लागतो. फ्री रॅडिकल त्या मदतनिसालाच नासवतात. मग तेच विकर वायू बनवायचं सोडून स्वतः फ्री रॅडिकल बनवायला लागतं. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते असं.

फ्लश मारून हे परत येत नाही. ब्लॉक काढता येतो, स्टेंट घालता येतो, पण तो थराचा स्वभाव बदलत नाही. अँजिओग्राफी म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीची सावली. पोकळी रुंद दिसली म्हणजे भिंत आतून बोलते आहे की गप्प बसली आहे, हे काही त्यात दिसत नाही.

वाइनबद्दल नाराज होऊ नका. ज्याच्या जोरावर वाइनची ही जाहिरात होते, ते रेस्व्हेराट्रॉल नावाचं द्रव्य द्राक्षाच्या सालीत असतं हे खरं. पण रेड वाइनच्या लिटरमागे ते काही मिलिग्रॅमच असतं आणि माणसांवरच्या चाचण्यांत शेकडो मिलिग्रॅम दिलं गेलं. तेवढ्यासाठी प्यायची तर बाटल्यांचा हिशोब तुम्हीच करा. अल्कोहोलची कोणतीच मात्रा आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं. द्राक्षं खा. तीही मोजून, साखर असेल तर.

---

निफाडची बाग | सोमवार, संध्याकाळी ७:५०

नाराज कशाला. खाण्याच्या द्राक्षाचाच भाव नीट मिळू द्या म्हणावं.

---

जिमवाला नाशिककर | सोमवार, रात्री ९:०२

मॅडम, हा नायट्रिक ऑक्साइड आर्जिनिन या अमिनो ॲसिडपासून बनतो ना? मग सोपंय. आर्जिनिनची पावडर येते, आमच्या कॉलेज रोडच्या जिममध्ये अर्धी पब्लिक घेते. काकांना सकाळी एक स्कूप द्या. कच्चा माल वाढवला की उत्पादन वाढणारच.

---

सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ९:४०

देऊ नका. हे ठळक वाचा.

हाच विचार संशोधकांनीही केला होता. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर आर्जिनिन किंवा नुसती खोटी गोळी अशी एक चाचणी अमेरिकेत झाली. २००६ साली निकाल प्रसिद्ध झाला. धमन्यांचा कडकपणा काही कमी झाला नाही. उलट आर्जिनिन घेणाऱ्यांत ६ मृत्यू झाले, खोट्या गोळीवाल्यांत एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. अप्पांना ॲटॅक आलेला नाही हे मान्य, पण मुद्दा कच्च्या मालाचा नाहीच. यंत्र बिघडलेलं असताना त्यात माल कोंबायचा नसतो.

---

जिमवाला नाशिककर | सोमवार, रात्री ९:५८

बापरे. माझा डबा अर्धा शिल्लक आहे.

---

सिडकोची शुभा | मंगळवार, दुपारी ३:१५

मी ५३ ची. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. तोवर माझं बीपी ११० च्या वर कधी गेलं नव्हतं, आता १४० ला टेकतं. कामावर सगळे म्हणतात टेन्शन घेतेस. टेन्शन तर वीस वर्षं घेतेच आहे! बायकांचं हे अस्तर वेगळं असतं का?

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

शुभाताई, अस्तर तेच, पण इस्ट्रोजेन त्याची पाठराखण करत असतं. ते नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला चालना देतं.

हे मोजायची एक साधी युक्ती आहे. दंडाला किंवा हाताला बीपीचा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि मग एकदम सोडायचं. रक्ताचा लोंढा येतो, निरोगी धमनी त्याला उत्तर म्हणून रुंदावते. सोनोग्राफीवर ती किती रुंदावली ते मोजतात. डेव्हिड सेलरमेयर यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९९४ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की पुरुषांत हा प्रतिसाद चाळिशीनंतर उतरायला लागतो, बायकांत मात्र पन्नाशी उलटेपर्यंत टिकतो आणि मग पुरुषांपेक्षा झपाट्याने उतरतो. ही तपासणी मुख्यतः संशोधनातली, गल्लीतल्या लॅबमध्ये मागू नका.

तेव्हा टेन्शनवर सगळं ढकलू नका आणि ढकलूही देऊ नका. १४० नीट दाखवून घ्या.

---

अवांतर नको | मंगळवार, रात्री ८:११

मूळ प्रश्न राहिला. ७० च्या खाली खालचा आकडा, आणि वरचा १७०. आईंचं म्हणणं बरोबर की चूक?

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ९:२०

आईंना दुखवू नका, पण चूक. आणि मेव्हण्यांचंही.

इथे अस्तराच्या पलीकडे, भिंतीत जावं लागेल. हृदय रक्त धक्क्याधक्क्याने सोडतं. तरुण महाधमनी प्रत्येक धक्क्याला फुगून थोडं रक्त पोटात ठेवून घेते आणि हृदय विसावा घेतं तेव्हा आवळून ते पुढे ढकलते. फुग्याचं रबर करतं तसं. त्यामुळे वरचा दाब फार चढत नाही आणि खालचा फार पडत नाही. हा लवचिकपणा इलॅस्टिनच्या धाग्यांचा. शरीर हे धागे बहुतेक गर्भात आणि बालपणातच विणून ठेवतं, नंतर नवे जवळजवळ होतच नाहीत. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला लाखभर, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. अप्पांच्या ७२ वर्षांत अडीचशे कोटींहून जास्त ताण. धागे तुटतात आणि त्यांची जागा कोलॅजेन घेतं. ते रबर नव्हे, दोरखंड. त्यात साखर चिकटून त्याचे धागे एकमेकांना अडकतात, मधुमेहात तर जास्तच.

मग धक्का आला की धमनी फुगत नाही, वरचा दाब चढतो. आत राखून ठेवलेलं रक्त नसल्याने विसाव्याच्या वेळी दाब पडतो, म्हणून खालचा आकडा घसरतो. ठोक्याची लहर तरुणपणी सेकंदाला ५-६ मीटरने धावते, कडक धमनीत १० मीटरच्या पुढे. साठीनंतर असं वर जास्त, खाली कमी हे दृश्य अगदी नेहमीचं. १७०-६८ मधला १०२ चा फरक हे तारुण्याचं नाही, कडकपणाचं लक्षण आहे.

आणि हृदयाला स्वतःचं रक्त मुख्यतः विसाव्याच्या वेळात, म्हणजे खालच्या दाबावर मिळतं. म्हणून अशा माणसाचं वरचं बीपी उतरवताना डॉक्टर एकदम मोठा डोस न देता हळूहळू चढवतात. तुमच्या डॉक्टरांनी लहान गोळी दिली असेल तर घाबरट म्हणून नव्हे.

---

पंचवटीकर | मंगळवार, रात्री १०:०५

अगदी हेच! छोटी गोळी दिली म्हणून मेव्हण्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर काढला होता. ताई, एक राहिलं. पेशी ‘म्हातारी’ होते म्हणजे मरते का?

---

प्रयोगशाळेतला उंदीर | मंगळवार, रात्री ११:४०

याचं मी लिहितो, माझं थोडं काम यावर झालंय. मरत नाही, हाच तर त्रास.

पेशी ठरावीक वेळाच विभागू शकते, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. प्रत्येक विभाजनात गुणसूत्राचं टोक, टेलोमिअर, थोडं झिजतं. फार झिजलं, किंवा डीएनएला इजा झाली, की पेशी विभाजन कायमचं बंद करते. धमनीच्या फाट्यापाशी पेशी वारंवार दुखावतात, त्यांच्या जागा भरायला शेजारच्या पेशी विभागतात, त्यामुळे तिथे हे जास्त होतं.

अशी पेशी सुस्तावते, फुगून चपटी होते, जागा अडवून बसते. आणि गप्प बसत नाही, दाह वाढवणारी रसायनं सतत सोडत राहते, त्याने शेजारच्या धडधाकट पेशीही बिघडतात. आमच्या वाड्यात एक आजोबा होते, स्वतः कुठे जायचे नाहीत, पण ओट्यावर बसून सगळ्या आळीत भांडणं लावायचे. तसं. अशा पेशींच्या अंगावर पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे हूक उगवतात, रक्त गोठण्याकडे कल वाढतो, पेशीपेशींमधल्या सांध्यांतून गळती होते. नंतर चरबी आत शिरते ती अशा जमिनीत.

या म्हाताऱ्या पेशी निवडून मारणारी औषधं शोधणं चालू आहे. उंदरांत चांगले परिणाम दिसलेत. माणसांत अजून लहान चाचण्या चालू आहेत. इंटरनेटवर त्यांच्या नावाने कॅप्सूल विकणाऱ्यांपासून लांब राहा.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ५:१०

मी स्टाफ नर्स आहे, आत्ता ड्युटी संपली. एक घरगुती भर घालते. बीट, पालक, मेथी यांत नायट्रेट असतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवतं, म्हणजे अस्तराला वळसा घालून जाणारा दुसरा रस्ता. बीटरसाने बीपी थोडं उतरतं, थोडंच. पण जंतुनाशक माउथवॉशने रोज गुळण्या केल्या तर ते जिवाणू मरतात आणि हा रस्ता बंद होतो. काकांच्या बुधवारच्या मेथीला आता कुणी हसू नका.

बीट किडनी स्टोन असणाऱ्यांनी विचारून. आणि काका तंबाखू मळत असतील तर मेथीचं सगळं पाण्यात.

---

पंचवटीकर | बुधवार, रात्री ९:३०

मळतात. चंची खिशात असते. हा मुद्दा मी घरी काढलेला नाही, आज काढणार होतो.

चालण्याने अस्तराला फरक पडतो का? की तेही नुसतं ‘चाला, बरं वाटेल’ छापाचं?

---

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री १०:१५

पडतो, आणि मोजलेला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठी कामं करणाऱ्या १३ मध्यमवयीन आणि वयस्क पुरुषांना तीन महिने नियमित, मुख्यतः भरभर चालायला लावलं. त्यांच्या अस्तराचा प्रतिसाद सुमारे ३० टक्क्यांनी सुधारला, तरुणांच्या बरोबरीला आला. वजन न घटता. माणसं थोडी आहेत, पण उत्तर स्पष्ट आहे. चालताना रक्ताचा घासा वाढतो आणि पेशींना कामाला लागावंच लागतं.

शुभाताईंसाठी प्रामाणिकपणे सांगते, पाळी गेलेल्या, इस्ट्रोजेन न घेणाऱ्या बायकांत चालण्याचा अस्तरावरचा हा फायदा पुरुषांइतका ठळक दिसलेला नाही. चालण्याचे बाकीचे फायदे आहेतच, चालणं सोडू नका.

अप्पांची गंगेवरची चक्कर किती वेळाची असते?

---

पंचवटीकर | गुरुवार, रात्री ९:४५

आज सोबत गेलो. चक्कर पाऊण तासाची, पण त्यातला अर्धा तास रामकुंडापाशी ओळखीच्यांशी उभ्याने गप्पा. प्रत्यक्ष चालणं पंधरा मिनिटं. आता गोदापार्कला न्यायचं ठरवलंय, तिथे ओळखीचे कमी.

तंबाखूचं काढलं. आधी चिडले. मग मी त्यांना सूक्ष्मदर्शी ताईंचा पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. फर्चगॉटच्या तंत्रज्ञाची चूक ऐकून म्हणाले, “आमच्या प्रेसमध्ये असली चूक केली असती तर मेमो मिळाला असता.” चंची अजून खिशातच आहे. पण संध्याकाळी आईला म्हणाले, चुना संपलाय, आणू नकोस.

---

बोकोबा | गुरुवार, रात्री १०:०२

चुना संपला तर शेजाऱ्याकडून मागतात हो. शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा.